आजी, पिच करेक्शन आणि लिगेती

तर झालं असं, की गेल्या शुक्रवारी रात्री आमचा रिलीज होता. ज्यांनी हा प्रकार भोगलाय त्यांना वेगळं सांगायला नको. साडेअकराला डिप्लॉयमेंट सुरू करायचं आणि मग नुसतं बसायचं. स्क्रीनवर ओळी सरकत असतात, कँटीन बंद झालेलं असतं, घरी जाता येत नाही आणि हाताला काम तर काहीच नसतं. अशा वेळी इअरफोन हाच माणसाचा खरा मित्र.

दोनच दिवसांपूर्वी मी कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' परत एकदा पाहिला होता. १९६८ चा सिनेमा. त्यातल्या त्या काळ्या शिळेभोवती माणसांच्या आवाजांचा एक घोंघावणारा ढग ऐकू येतो. तो कुणी लिहिला हे शोधताना ग्यॉर्गी लिगेती हे नाव सापडलं. जन्म १९२३, मृत्यू २००६, हंगेरियन. कुब्रिकनं त्याचं संगीत त्याला न विचारताच सिनेमात घातलं होतं म्हणे. म्हणजे लायसन्स न वाचता दुसऱ्याची लायब्ररी आपल्या कोडमध्ये ढकलण्याची परंपरा आपली एकट्यांची नाही. :-)

असो. तर यूट्यूबनं लिगेतीचं एक ऐकवून झाल्यावर आपणहून दुसरं लावलं. व्हायोलिन कॉन्चेर्टो. पहिला भाग मी अर्ध्या कानानंच ऐकला, कारण तेवढ्यात एक टेस्ट फेल झाली होती. दुसरा भाग सुरू झाला आणि मी टायपिंग थांबवलं. एकटं व्हायोलिन, सगळ्यात खालच्या जाड तारेवर, एक साधी धून वाजवत होतं. इतकी साधी की कुणीतरी गुरं घेऊन घरी येताना गुणगुणावी. मी खुर्चीत जरा मागे रेललो. आणि मग एकदम, काहीही कारण नसताना, जत्रेत मिळतात तसल्या शिट्ट्या वाजायला लागल्या. चार-चार. आणि चारही एकमेकींशी न जुळणाऱ्या.

माझी पहिली प्रतिक्रिया: इअरफोन गेले. काढले, पुसले, परत घातले. तेच. मग शेजारच्याचे हेडफोन मागितले. तेच. बग रिप्रोड्यूस होत होता. थोडं वाचल्यावर कळलं की हा बग नाही, स्पेसिफिकेशनमध्येच तसं लिहिलंय. त्या शिट्ट्यांना ओकारिना म्हणतात. आतून पोकळ, भोकं पाडलेलं, बहुतेक वेळा मातीचं वाद्य. एरवी क्लॅरिनेट वगैरे वाजवणाऱ्या इज्जतदार वादकांच्या हातात लिगेतीनं मुद्दाम ही खेळणी दिली. ओकारिना कधीच नेमक्या सुरात लागत नाही. फुंक जरा कमी-जास्त झाली की सूर हलतो. त्याला नेमकं तेच हवं होतं.

डिप्लॉयमेंट सव्वादोनला संपलं. मी मात्र साडेतीनपर्यंत ऑफिसमध्येच बसून तो दुसरा भाग ऐकत होतो, कारण मला आजी आठवली होती. आणि आजी आठवली की मला थोडी लाज वाटते. का ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं. सातारा जिल्ह्यात आमचं गाव आहे. हळद दळायला जातं मांडलं होतं आणि आजी जात्यावर बसून ओव्या म्हणत होती. मी हौसेनं फोनवर रेकॉर्ड केलं. पुण्याला आल्यावर ताई म्हणाली, लग्नाच्या व्हिडिओला मागे आजीचा आवाज लाव ना. मी म्हटलं लावतो की! पण ऐकून बघितलं तर मधेमधे आजी चक्क बेसूर लागत होती. एरवी बरोबर, पण काही जागा अशा, की पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी. आता मी पडलो इंजिनियर. आवाजाचे सूर 'दुरुस्त' करणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, ट्रायल व्हर्जन. त्यात गाणाऱ्याचा आवाज स्क्रीनवर छोट्या छोट्या ठिपक्यांसारखा दिसतो आणि मागे बारा सुरांच्या आडव्या रेघा असतात. ठिपका रेघेवर नसेल तर माऊसनं ओढायचा आणि बसवायचा. सगळं सिलेक्ट करून एकदम बसवायचीसुद्धा सोय असते. मी एकदमच बसवलं. दोन मिनिटांत काम फत्ते. मग मागे तानपुऱ्याचा ट्रॅक, थोडी बासरी. व्हिडिओ सगळ्यांना आवडला.

गावी गेल्यावर आजीला ऐकवला. तिनं पूर्ण ऐकला, अगदी शेवटपर्यंत, आणि विचारलं, "ही कोन बाई म्हनं?"

मी म्हटलं, "आजी, अगं तूच!"

ती म्हणाली, "न्हाई बाबा. ही शाळंतली दिसतीया."

सगळे हसले. मीही हसलो. खरी गंमत पुढेच आहे. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ रेकॉर्डिंग मी व्हिडिओ बनल्याच्या दुसऱ्याच दिवशी उडवलं होतं. दिवसाला चारदा कोडचा बॅकअप घेणारा माणूस मी.

आता लिगेतीकडे येतो. हे सगळं त्याच्याशी जोडलेलं कसं आहे हे सांगायला थोडं गणित लागेल. घाबरू नका, अकरावीचं आहे.

तार छेडली की एकच सूर निघत नाही. समजा खर्जाची तार १०० हर्ट्झला वाजते. तिच्याच पोटातून २००, ३००, ४००, ५००, ६००, ७०० असे सूरही बारीक आवाजात निघत असतात. तंबोऱ्याजवळ शांत बसलात तर षड्जाच्या तारेतून कुणी न वाजवलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. तो हा ५००. आता पियानोवर याच सुराच्या जवळची पट्टी दाबली तर जवळजवळ ५०४ येतो. कारण पियानोमध्ये सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत काहीही वाजवता येतं. सोयीची तडजोड. प्रत्येक सुराला थोडं थोडं खोटं बोलायला लावायचं, पण सगळ्यांना इतकं सारखं की कुणाच्या लक्षात येऊ नये. ७०० चा सूर तर या व्यवस्थेत बसतच नाही. सगळ्यात जवळची पट्टी ७१३ च्या आसपास. म्हणजे निसर्गात असलेला तो सूर पियानोवाल्यांनी सरळ राउंड ऑफ करून टाकलाय.

ही तक्रार आपल्याकडे नवी नाही. पेटीवर बसवलेले सूर आपल्या गाण्याला चालत नाहीत, म्हणून आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. पण आपण ही तक्रार रागसंगीतासाठी करतो. जात्यावरच्या आजीसाठी कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. निदान मी तरी केली नाही.

लिगेती मात्र हेच पकडतो. या कॉन्चेर्टोतला ऑर्केस्ट्रा छोटा आहे, दोन डझनांच्या आसपास वादक. त्यातलं एक व्हायोलिन आणि एक व्हिओला त्यानं मुद्दाम वेगळ्या सुरात लावायला सांगितली. कशाच्या सुरात? तर डबल बास नावाच्या त्या कपाटाएवढ्या वाद्याच्या तारेतून आपोआप निघणाऱ्या सुरांवरून. म्हणजे तेच ते, ५०० आणि ७०० वाले, राउंड ऑफ न केलेले. बाकीची मंडळी नेहमीच्या सुरात. हॉर्नवाल्यांना सांगितलं की नळीतून जो नैसर्गिक सूर निघतो तो निघू द्या, हात घालून सुधारू नका. आणि वर त्या ओकारिना, ज्या कुणाचंच ऐकत नाहीत. म्हणजे एका वेळी स्टेजवर तीन-चार वेगवेगळ्या मोजपट्ट्या. पहिल्या भागाच्या सुरुवातीला व्हायोलिन अगदी ऐकू येईल न येईल इतकं हळू सुरू होतं, मग ही वेगळ्या सुरातली भावंडं येऊन मिसळतात आणि सगळा आवाज पाण्यावरच्या उन्हासारखा हलायला लागतो. पहिल्यांदा ऐकताना मळमळतं. तिसऱ्यांदा ऐकताना सवय होते. पाचव्यांदा ऐकल्यावर साधा पियानो जरा सपाट वाटायला लागतो, हा माझा अनुभव.

आता कुणी म्हणेल, पन्नाशी-साठीतल्या युरोपियन संगीतकाराला काहीतरी नवीन करून दाखवायचं होतं, त्यानं केलं. तसं नाहीये. हा माणूस इथपर्यंत कसा आला ते बघा.

लिगेतीचा जन्म ट्रान्सिल्व्हेनियातला, म्हणजे आजचा रुमानिया, घर हंगेरियन भाषा बोलणाऱ्या ज्यूंचं. लहानपणी कार्पेथियन डोंगरात त्यानं गुराख्यांचं लांबलचक लाकडी शिंग ऐकलं. त्याचे सूर शाळेत शिकवलेल्या सुरांसारखे नव्हते आणि ते त्याच्या डोक्यात राहून गेले. मग युद्ध आलं. त्याला सक्तीच्या मजुरीवर पाठवलं. वडील आणि धाकटा भाऊ नाझींच्या छळछावण्यांत मेले. आई आउशवित्झमधून जिवंत परत आली. युद्ध संपल्यावर त्यानं बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिक्षण पूर्ण केलं आणि १९४९ मध्ये बुखारेस्टच्या लोकसाहित्य संस्थेत जाऊन मेणाच्या नळकांड्यांवर रेकॉर्ड केलेली लोकगीतं ऐकून ती लिहून काढायचं काम शिकला. हे काम त्याच्या आधीच्या पिढीत बार्टोक आणि कोदाय यांनी सुरू केलेलं. खेडोपाडी फोनोग्राफ घेऊन हिंडायचं, म्हाताऱ्या बायकांना गायला लावायचं, आणि मग घरी येऊन एकेक ओळ शंभर वेळा ऐकायची. हे वाचताना मला माझा फोन आठवला. काम तेच, फक्त त्यांनी नळकांडी उडवली नाहीत.

मग आला स्टालिनचा काळ. हंगेरीत सरकारचं फर्मान असं, की संगीत 'जनतेचं' हवं. लोकगीतं हवीत, पण साजूक. गोड, सरळ, कुणाला टोचणार नाहीत अशी. बार्टोकचीसुद्धा तिखट कामं बंद करून टाकली होती. १९५१ मध्ये लिगेतीनं 'रुमानियन कॉन्चेर्टो' लिहिला. त्यात गुराख्यांच्या त्या शिंगासारखे हॉर्न एकमेकांना साद घालतात, पट्टीत न बसणाऱ्या नैसर्गिक सुरांत. एका तालमीनंतर बंदी. लोकांसमोर तो पहिल्यांदा वाजला १९७१ मध्ये. म्हणजे गंमत बघा, सरकारला लोकसंगीत हवं होतं, पण लोक गातात-वाजवतात तसं नको होतं. सरकारनंही पिच करेक्शन मारूनच घेतलं म्हणायचं.

त्याच सुमारास, १९५१ ते ५३ मध्ये, तो घरी बसून पियानोसाठी 'म्युझिका रिचेर्काता' नावाचे अकरा छोटे तुकडे लिहीत होता. कुठे वाजण्याची शक्यता शून्य, सगळं टेबलाच्या खणात जाणारं. पहिल्या तुकड्यात जवळजवळ एकच सूर, दुसरा अगदी शेवटी येतो. पुढच्यात तीन. असं करत करत शेवटच्यात बारा. हे वाचून माझ्यातला इंजिनियर फारच खूश झाला. कमीत कमीपासून सुरू करा आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट वाढवा! यातल्या सातव्या तुकड्यात एक धून आहे. ती कुठल्या गावातून उचललेली नाही, त्याची स्वतःचीच, पण लोकगीताच्या वळणाची. ही धून लक्षात ठेवा.

१९५६ च्या हंगेरियन उठावावर रशियन रणगाडे फिरले आणि डिसेंबरात लिगेती सीमा ओलांडून ऑस्ट्रियात पळाला. तिथून तो जर्मनीत कोलोनला गेला, रेडिओच्या इलेक्ट्रॉनिक स्टुडिओत. तिथे पश्चिमेतले सगळे नवे, धाडसी संगीतकार. एकदम मोकळं आकाश. पण तिथेही एक अलिखित फर्मान होतंच. नवं म्हणजे सगळं नवं. गुणगुणता येईल अशी धून, पायानं धरता येईल असा ठेका, लोकगीत वगैरे म्हणजे मागासलेपण. एकीकडे सांगितलं फक्त लोकगीत लिही, दुसरीकडे सांगितलं लोकगीत सोडून काहीही लिही. लिगेतीनं मग १९६१ च्या 'ॲटमॉस्फिअर्स'सारखे आवाजांचे ते प्रचंड ढग लिहिले, ज्यात ना धून ना ठेका. ते जबरदस्तच आहेत, वादच नाही. पण धून खणातच राहिली.

ऐंशीच्या दशकात त्यानं परत कान उघडले. एका विद्यार्थ्यामुळे त्याला मध्य आफ्रिकेतल्या बांदा-लिंदा लोकांच्या शिंगांच्या वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग मिळालं. तिथे प्रत्येक माणसाच्या हातात एकच सूर काढणारं शिंग असतं. आपली वेळ आली की आपला सूर वाजवायचा आणि गप्प बसायचं. सगळ्यांचे मिळून अफाट गुंतागुंतीचं जाळं तयार होतं. युरोपात चौदाव्या शतकात हॉकेट नावाचा असाच एक प्रकार होता. आमच्या टीमला हे जमलं असतं तर रात्री सव्वादोनपर्यंत बसावं लागलं नसतं!

आणि मग हा व्हायोलिन कॉन्चेर्टो. साश्को गाव्रिलोव्ह या व्हायोलिनवादकासाठी लिहिलेला. १९९० मध्ये कोलोनला तीन भागांचा वाजला. लिगेतीचं समाधान झालं नाही, पहिला भाग फेकून नवीन लिहिला, आणखी दोन भाग वाढवले, आणि १९९२ मध्ये पुन्हा कोलोनलाच पाच भागांचा पूर्ण कॉन्चेर्टो झाला. त्यातल्या दुसऱ्या भागाचं नाव 'आरिया, हॉकेटस, कोराल'. ज्या धुनीवर मी टायपिंग थांबवलं ना, ती म्हणजे पियानोच्या सातव्या तुकड्यातली तीच, टेबलाच्या खणातली धून. जवळजवळ चाळीस वर्षांनी ती बाहेर आली. आधी एकटी, मग हॉकेटमध्ये तुकडे होऊन वाटली जाते, मग तिच्याभोवती ओकारिना येतात. तेव्हा लिगेती सत्तरीला टेकला होता.

मला यात जे सगळ्यात आवडलं ते सांगतो. हा लेख त्यासाठीच आहे.

आपल्याकडे 'लोकसंगीत आणि आधुनिकता यांचा संगम' म्हटलं की काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. एक लोकगीत घ्यायचं, खाली सिंथेसायझरची गादी घालायची, ड्रम्स, एक गिटारचा तुकडा. गाणाऱ्या मावशींना मधे उभं करायचं आणि त्यांच्या आवाजाला सगळ्यात आधी इस्त्री करायची. कारण गिटार आणि सिंथेसायझर बारा पट्ट्यांचे आहेत, ते सरकणार नाहीत. सरकायचं कुणी? मावशींनी. याला आपण संगम म्हणतो. माझा लग्नाचा व्हिडिओ हा असाच एक संगम होता. मी मुळात वेगळं काही केलं नाही, फक्त स्वस्तात केलं.

लिगेतीनं उलटं केलं. सरकायला त्यानं ऑर्केस्ट्राला लावलं. ज्याला जगातली सगळ्यात शिस्तबद्ध संस्था म्हणतात, त्या संस्थेतल्या वादकांना त्यानं सांगितलं, की तुमच्या तारा डोंगरातल्या शिंगासारख्या लावा, तुमची महागडी वाद्यं जरा खाली ठेवा आणि मातीची शिट्टी फुंका. धून तशीच राहिली, आजूबाजूचं जग तिच्यासाठी हललं. अवांगार्द, प्रयोगशील वगैरे जे काही म्हणतात, ते मला इथे पहिल्यांदा कळलं. नवं तंत्र जुन्यावर रंग मारायला नाही वापरलं. जुन्यात जे पहिल्यापासून होतं आणि आपल्या वहीत मावत नव्हतं, त्याला जागा करायला वापरलं.

यावर माझ्या एका मित्रानं घेतलेला आक्षेप रास्त आहे. तो स्वतः शास्त्रीय गाणं शिकतो. तो म्हणाला, "म्हणजे आता बेसूर असं काही उरलंच नाही का? कुणीही कसंही गावं आणि तुम्ही त्याला लोकपरंपरा म्हणून डोक्यावर घ्यावं?"

नाही. बेसूर असतं. मी आंघोळ करताना गातो ते बेसूर असतं, त्याला साक्षीदार आहेत. पण फरक कसा ओळखायचा हे आपल्या धंद्यातल्या माणसाला तरी कळायला हवं. चूक असेल तर ती कशीही विखुरलेली असते. कधी वर, कधी खाली. पण फरक जर दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेनं आणि तेवढाच येत असेल, तर ती चूक नसते. तुमची मोजपट्टी वेगळी असते एवढंच. लिगेतीच्या वेगळ्या लावलेल्या तारा अंदाजपंचे नाहीत, त्या डबल बासवरून अगदी नेमक्या लावायच्या आहेत. आणि मला आता स्पष्ट आठवतंय, त्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर आजीचे ठिपके रेघेपासून ढळलेले होते, पण प्रत्येक ओवीत त्याच शब्दापाशी, तेवढेच खाली. अकरा ओव्या होत्या. अकराही वेळा. रोज ऑफिसात लॉग वाचून पॅटर्न शोधणाऱ्या मला तो डोळ्यासमोर असलेला पॅटर्न दिसला नाही. कारण ती आजी होती, ती जात्यावर बसली होती, आणि स्क्रीनवरच्या रेघा बरोबर आहेत हे मी आधीच धरून चाललो होतो.

खरं सांगायचं तर याची सवय मला आधीपासून आहे. इंजिनियरिंगला पुण्यात आलो तेव्हा पहिल्याच सेमिस्टरला माझ्या बोलण्यातलं 'न्हाई' जाऊन 'नाही' आलं, 'आन्' जाऊन 'आणि' आलं. कुणी सांगितलं नव्हतं. एक-दोघं हसले, तेवढं पुरलं. मग नोकरी लागल्यावर क्लायंटशी बोलताना इंग्रजीचं पण तेच. एकेक ठिपका ओढून रेघेवर. याबद्दल माझी फार तक्रार नाही, पोट भरायला काही तडजोडी कराव्या लागतात आणि बारा समान भागांची तडजोड नसती तर पियानोचं निम्मं संगीत झालंच नसतं. पण तडजोडीला तडजोड म्हणावं. तिलाच शुद्ध म्हणायला लागलो, की मग मूळ फाइल उडवून टाकायला हात कचरत नाही.

तुम्हाला ऐकायचं असेल तर एक सल्ला. पहिल्या भागापासून सुरू करू नका. आधी 'म्युझिका रिचेर्काता'चा सातवा तुकडा ऐका, साडेतीन मिनिटांच्या आसपासचा आहे. मग लगेच कॉन्चेर्टोचा दुसरा भाग. धून ओळखीची झालेली असेल, म्हणजे शिट्ट्या आल्यावर इअरफोन पुसावे लागणार नाहीत. :-) मग पूर्ण ऐका, अर्ध्या तासाच्या आतबाहेर आहे. चौथा भाग जड जाईल, मला अजून जातो, दाढ काढायला बसल्यासारखं वाटतं. शेवटच्या भागात एकट्या व्हायोलिनची एक बेभान जागा आहे. ती वादकानं हवी तर स्वतःची बनवावी अशी मोकळीक लिगेतीनं दिलीय, आणि मग ऑर्केस्ट्रा मधेच घुसून ती तोडतो. पॅट्रिशिया कोपाचिन्स्कायाचं २०१२ मध्ये आलेलं रेकॉर्डिंग मिळालं तर जरूर ऐका. ती मोल्दोव्हात जन्मली, तिचे आई-वडील लोकसंगीताचे वादक. ती ही धून वाजवते तेव्हा ती पाहुणी म्हणून आलीय असं वाटत नाही.

तर त्या शुक्रवारनंतर मला स्वस्थ बसवेना. शनिवारी दुपारी उठलो आणि रविवारी सकाळच्या एसटीनं गावी गेलो. आजी आता ब्याऐंशीची आहे. अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी फोन काढला, शेजारी बसलो, म्हटलं, "आजी, ताईच्या लग्नात म्हटलेल्यास त्या ओव्या परत म्हण ना. मी या वेळी काही करणार नाही, जशा म्हणशील तशा ठेवणार."

तिनं माझ्याकडे, मग फोनकडे बघितलं. म्हणाली, "आत्ता?"

"हो, आत्ता. काय झालं?"

"आरं जातं न्हाई, हळद न्हाई, नवरी न्हाई. कुनाच्या म्हनू? त्या काय अशा कवाबी म्हनायच्या असत्यात व्हय?"

मी बरंच समजावून बघितलं. मेणाच्या नळकांड्यांचं, हंगेरीचं, अगदी ५०० आणि ७०० हर्ट्झचंही सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "तू कर की लगीन. मग म्हनते."

आता यावर काय बोलणार? तूर्तास फोनमधले जुने फोटो उडवून जागा रिकामी करून ठेवतोय.